पाखरू काय बोललं?

आष्ट्यात माझं लिखाण कोणी वाचत नाही, याचं मला आजवर वाईट वाटायचं. दिवाळी अंकात माझी कथा आली की मी एक प्रत मुद्दाम तिथल्या वाचनालयात देऊन यायचो आणि सहा महिन्यांनी बघायला गेलो की तिची पानं छापखान्यातून आली तशीच एकमेकांना चिकटलेली असायची. आज मात्र त्या चिकटलेल्या पानांच्या भरवशावरच मी हे लिहायला बसलोय. ही हकीकत आष्ट्यात पोचली तर दोन म्हाताऱ्या माणसांची पंचाईत होईल. नाही पोचली तर माझी एकट्याची पंचाईत आहे तशी राहील, आणि तिची आता मला सवय झाली आहे. आष्ट्याच्या स्टँडवर मी उतरलो की रिक्षावाले मला 'राजापुरी' अशी हाक मारतात. मी पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला, सांगलीत विश्रामबागेला स्वतःचा फ्लॅट असलेला, चार लोकांत 'सुमंतराव' म्हणून ओळखला जाणारा माणूस आहे. राजापुरी ही हळदीची जात आहे.

सेहेचाळीस वर्षांपूर्वी सांगली आकाशवाणीवर दर शनिवारी 'रंगीत शनिवार' नावाचा कार्यक्रम व्हायचा. व्हायचा म्हणजे थेट व्हायचा. आधी ध्वनिमुद्रण करायचं, चुका कापायच्या आणि मग शहाण्यासारखं ऐकवायचं, असला भित्रा प्रकार नव्हता. समोर माणसं बसलेली, नकलाकार नकला करतोय, कोणी चुटके सांगतोय, मध्येच शेतीतज्ज्ञ उसावरच्या हुमणी किडीचा बंदोबस्त सांगतोय, आणि शेवटी पाहुणा गायक. पावणेसात ते साडेसात. साडेसातला मात्र काहीही चाललेलं असो, बाजारभाव. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो आणि त्या शनिवारी वडिलांबरोबर पहिल्या रांगेच्याही पुढे सतरंजीवर बसलो होतो.

पाहुणा गायक होते आष्ट्याचे तात्याबा. वय अठ्ठावीस, फौजेतून महिन्याच्या सुट्टीवर आलेले, मिशा अशा की माइक त्यांच्यापासून दोन बोटं लांब ठेवावा लागला. आष्ट्याहून दोन ट्रक भरून माणसं ऐकायला आली होती. गाणं गावातल्याच ज्योतिबा मास्तरांनी रचलेलं, कोरं करकरीत. तात्याबांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली:

हळदीच्या रानात शिरलं वारं,
बांधावर उतरलं पाखरू न्यारं;
म्हनलं, पाखरा, येतंस का घरी?
तवा ते बोललं...

आणि बरोबर इथे साडेसात वाजले. दारावरचा प्रक्षेपणाचा लाल दिवा विझला, आणि सभागृहातल्या कर्ण्यातून निवेदकाचा थंड आवाज आला, "राजापुरी हळद. आवक दोन हजार पोती."

दोन्ही ट्रक पेटून उठले. तात्याबांनी मात्र हात जोडले, मान खाली घातली आणि एक शब्द न बोलता बाहेर गेले. काय तो संयम! मी चौदाव्या वर्षी ठरवलं की आयुष्यात अपमान झाला तर असाच गिळायचा. पुढे खात्यात मला याचा सराव भरपूर मिळाला.

दुसऱ्या दिवशी गावाने तात्याबांचा 'अन्याय झालेला कलावंत' म्हणून सत्कार केला, तिसऱ्या दिवशी ते पलटणीत परत गेले, आणि त्याच पावसाळ्यात ज्योतिबा मास्तर वारले. म्हणजे पाखरू काय बोललं हे माहीत असलेला जगात एकच माणूस उरला. त्या माणसाने सुट्टीवर आल्यावर चावडीपुढे शपथ घेतली, "रेडिओवर आडलंय, ते रेडिओवरच सुटंल. तवर दुसरा अंतरा वठावर येनार न्हाई!" पुढे 'रंगीत शनिवार' बंद पडला. शपथ चालू राहिली. आष्ट्यात 'व्हय'वाले आणि 'न्हाई'वाले असे दोन तट पडले. पाखरू हो म्हणालं की नाही म्हणालं यावर पारावर सेहेचाळीस वर्षं वाद चालू आहे. मुलगी बघायला गेलेल्या मुलाला परत आल्यावर कोणी 'काय म्हणाली?' असं विचारत नाही. 'तवा ते बोललं?' असं विचारतात, आणि नकार असला तर मुलगा 'राजापुरी हळद' म्हणून मान हलवतो.

मी निवृत्त झालो आणि सहा महिन्यांत घरातली सगळी सुधारणेची कामं संपवली. शेवटचं काम म्हणून मी स्वयंपाकघरातल्या डब्यांना अनुक्रमांक देऊन 'डाळ (तूर), सद्यःस्थिती: निम्मा' अशा चिठ्ठ्या लावल्या. आमची क्षमा तेहतीस वर्षं माझ्याबरोबर संसार करतेय. ती सहसा आवाज चढवत नाही. तिने फक्त चिठ्ठ्या काढल्या आणि म्हणाली, "तुम्ही घराबाहेरचं काहीतरी दुरुस्त करा ना." मला लगेच तात्याबा आठवले. अर्धवट राहिलेली एवढी मोठी फाइल जिल्ह्यात दुसरी नव्हती.

योगही असा, की आष्ट्याजवळच्या एका शिक्षण संस्थेने नुकताच 'रेडिओ आपला बांध' नावाचा छोटा रेडिओ सुरू केला होता. पल्ला बारा किलोमीटर. मध्ये ऊस उभा असला तर दहा. तिथली केंद्रप्रमुख, निवेदिका आणि तंत्रज्ञ अशी तिन्ही पदं अंकिता नावाच्या पंचविशीतल्या एकाच मुलीकडे होती. मी तिला कल्पना सांगितली: 'रंगीत शनिवार' पुन्हा एकदा, तसाच थेट, पावणेसात ते साडेसात, आणि शेवटी तात्याबांचा दुसरा अंतरा. ती टुणकन उठलीच. "काका, माझी आजी 'न्हाई'वाली आहे," ती म्हणाली. "तिच्या हयातीत निकाल लागला पाहिजे."

ही आनंदाची बातमी घेऊन मी तात्याबांच्या मळ्यात गेलो. चौऱ्याहत्तरीचे तात्याबा अंगणात बाजेवर बसून शेंगा फोडत होते. मिशा पांढऱ्या, पण ताठ. मी म्हटलं, "तात्याबा, रेडिओ मिळाला! थेट प्रक्षेपण! तुमची शपथ सुटली!"

त्यांच्या हातातली शेंग खाली पडली. डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. मग ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "सायेब, तुमाला दुसरं काय काम न्हाई व्हय?"

हा फौजी माणसाचा जिव्हाळा असतो, असं मी मानलं. त्यांच्या पत्नी शालूबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी कप माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आवं, जुनी खरूज कशाला खाजवायची ती? बरं चाललंय की."

"काकी, अन्याय जुना झाला म्हणून संपत नाही," मी म्हणालो. हे वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं की मी ते पुढे निमंत्रणपत्रिकेत घेतलं.

आता अडचणींचं सांगतो. पहिली अडचण अर्जाची. थेट कार्यक्रमासाठी संस्थेचा छापील अर्ज तीन प्रतींत भरायचा होता, आणि रकाना अकरामध्ये लिहिलं होतं: 'सादर होणाऱ्या गीतांचे संपूर्ण शब्द जोडावेत.' मी तात्याबांकडे कागद घेऊन गेलो. ते एकदम खुलले.

"जमनार न्हाई!" बाजेवर थाप मारून म्हणाले. "शेहेचाळीस वर्सं राखलेली चीज कागदावर? नियम म्हंजी नियम, सायेब. कागद न्हाई तर परमिशन न्हाई. आपन फौजी मानूस, आर्डर मोडायची न्हाई. ऱ्हाऊ द्या कार्यक्रम."

माझ्यासारख्या माणसाने पाटबंधारे खात्यात सदतीस वर्षं काय केलं? रकाना अकरामध्ये मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'उर्वरित मजकूर कलावंताच्या कंठात असून सादरीकरणसमयी उपलब्ध होईल.' समितीने 'उपलब्ध होताच सादर करणे' असा शेरा मारून अर्ज मंजूर केला. तो मंजूर अर्ज मी तात्याबांना दाखवला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला आणि पाणी मागितलं.

दुसरी अडचण पेटीची. तात्याबा म्हणाले, त्या दिवशी जी पेटी साथीला होती तिच्याशिवाय त्यांचा सूर लागत नाही. ती पेटी विट्याच्या एका घरात असल्याचं कळलं. विट्याला गेलो. पेटी होती, पण कपाटात, आणि चावी घरमालकाकडे. विट्याची निम्मी पुरुषमंडळी सोनं गाळायच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली. हा मालक कोईमतूरला. मी फोन लावला. तो म्हणाला, चावी विश्वासाच्या माणसाबरोबरच पाठवणार. विश्वासाचा माणूस लग्नासाठी बंगलोरपर्यंत आला, तिथून दुसऱ्या विश्वासाच्या माणसाने ती बेळगावला आणली, आणि बेळगावच्या स्टँडवर मी स्वतः ती घेतली. या काळात ती चावी माझ्यापेक्षा जास्त फिरली. कपाट उघडलं. पेटीच्या भात्यात उंदरांनी तीन पिढ्या काढल्या होत्या. मिरजेत वाद्यं करणाऱ्यांची गल्लीच आहे. तिथे एका कारागिराने तीन आठवडे खपून ती बोलती केली. मी ती तात्याबांच्या अंगणात नेऊन ठेवली तेव्हा ते तिच्याकडे, फासाचा दोर बघावा तसे बघत राहिले.

"सापडली व्हय?" एवढंच म्हणाले.

तिसरी अडचण म्हणजे माणसं. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष वीरधवल यांना बातमी लागली आणि त्यांनी सल्ला द्यायला सुरुवात केली. सल्ला असा की त्यांच्या मुलीचं भरतनाट्यम कार्यक्रमात हवं.

"अहो, रेडिओवर भरतनाट्यम कसं दिसणार?" मी म्हटलं.

"दिसायचं कशाला? घुंगरू ऐकू येतात की. आणि मुद्रा काय आहे ते तुम्ही मधूनमधून सांगा. तुमचा आवाज चांगला आहे."

शेवटच्या वाक्यामुळे मला नाही म्हणता आलं नाही.

मग शिक्षण संस्थेचे अध्यक्ष नानासो यांचं म्हणणं, मान्यवरांचा सत्कार झाल्याशिवाय आपल्या भागात कार्यक्रम होत नसतो. अकरा मान्यवर, अकरा फेटे, शाल, श्रीफळ. मी म्हणालो, "नानासो, रेडिओवर फेटा दिसत नाही. बारा किलोमीटरचे लोक नुसती फडक्याची खसखस ऐकणार."

"ते मला सांगू नका," नानासो म्हणाले. "सत्काराची सूचना खुद्द तात्याबांची हाय. काल घरी येऊन सांगून गेले, यादी पन देऊन गेले. लय मोठ्या मनाचा मानूस. म्हनले, मला मिन्ट मिळालं न्हाई तरी चालंल, पन गावाचा मान ऱ्हायला पायजे."

मला गहिवरून आलं. ज्या माणसाचं दोन मिनिटांसाठी आयुष्य अडलं, तो आपली वेळ दुसऱ्यांच्या फेट्यांना देतोय! मी त्याच क्षणी ठरवलं, या माणसाच्या एकाही मिनिटाला कोणाला हात लावू द्यायचा नाही. तडक बसलो आणि कात्री चालवली. अकरा मान्यवरांचा सत्कार एकत्र, एका श्रीफळात प्रातिनिधिक. भरतनाट्यम चार मिनिटं. नकला पाच. हुमणीला तर पूर्ण रजा. आणि मग राहिलं 'रेडिओ: काल, आज आणि उद्या' हे माझं स्वतःचं बारा मिनिटांचं प्रास्ताविक. ते मी एक महिना लिहीत होतो. क्षमाला सहा वेळा वाचून दाखवलं होतं, त्यातल्या दोन वेळा ती जागी होती. छातीवर दगड ठेवून मी ते दीड मिनिटावर आणलं. हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा त्याग होता, आणि त्याचं कोणी नाव काढत नाही.

शेवटचा काटा बाजारभावांचा. 'आपला बांध'वरसुद्धा साडेसातला बाजारभाव असतात. मी अंकिताच्या मागे लागून त्या दिवसापुरते ते आठ वाजता ढकलले, आणि ही बातमी तात्याबांना सांगायला खास एसटीने गेलो.

"आवं, शेतकऱ्याचं नुसकान हुईल!" तात्याबा उठून उभे राहिले. "आमी हळद पिकवनारी मानसं. माझ्या गान्यापायी भाव थांबवायचं? न्हाई, न्हाई. साडेसात म्हंजी साडेसात!"

"तात्याबा, सेहेचाळीस वर्षांपूर्वी तुमच्यासाठी कोणी भाव थांबवले नाहीत. आता मी थांबवले आहेत." मी त्यांचे दोन्ही हात धरले. "आता तुमच्या आणि दुसऱ्या अंतऱ्याच्या मध्ये जगातली कोणतीच गोष्ट उभी नाही."

तात्याबा बाजेवर बसले. "लय केलंसा तुमी माझ्यासाठी," ते म्हणाले. आवाज अगदी खोल गेला होता.

शनिवार आला. संस्थेचं सभागृह साडेपाचलाच भरलं. 'व्हय'वाले डावीकडे, 'न्हाई'वाले उजवीकडे, मध्ये कसलीही बाजू नसलेले पत्रकार. अंकिताची आजी पहिल्या रांगेत. शालूबाई हिरव्या लुगड्यात, तात्याबांच्या बरोबर समोर. सुरू होण्याआधी त्या माझ्याकडे आल्या, इकडेतिकडे बघून एक घडी घातलेली चिठ्ठी माझ्या हातात कोंबली.

"गानं आडलं तरच उगडा," म्हणाल्या. "न्हाई आडलं तर तशीच परत द्या."

मी विचार केला, विसरले तर आठवण म्हणून दुसरा अंतरा लिहून दिला असणार. म्हणजे पाखराचं उत्तर माझ्या खिशात होतं! इतक्या जवळ असून मी ते बघितलं नाही, याला स्वभाव लागतो. खरं म्हणजे दोनदा बघायला गेलो होतो, पण दोन्ही वेळा क्षमा माझ्याकडे बघत होती.

पावणेसातला लाल दिवा लागला. माझं प्रास्ताविक झालं. टाळ्या पडल्या, थोड्या लवकर पडल्या, म्हणून शेवटची दोन वाक्यं राहून गेली. मग भरतनाट्यम. मी श्रोत्यांना सांगितलं, "आता उजवा हात हरणासारखा झालेला आहे." मुलगी नाचताना माइकच्या वायरीत अडकली, आणि पुढे जो आवाज बारा किलोमीटर गेला त्याला मी 'तांडव' म्हणालो. सत्कारात प्रातिनिधिक श्रीफळ कोणी घ्यायचं यावरून दोन मान्यवरांची जुंपली, नानासो मध्ये उभे राहिले आणि मी श्रोत्यांना म्हणालो, "हा क्षण शब्दांच्या पलीकडचा आहे." नकलाकाराने नानासोंची नक्कल केली आणि नानासो समोरच असल्यामुळे दोन मिनिटांत आटोपतं घेतलं.

घड्याळ पाहिलं. सात वाजून आठ मिनिटं. माझ्या कात्रीने कमाल केली होती. तात्याबांसाठी बावीस मिनिटं मोकळी होती, आणि त्यापुढे आठपर्यंत अंकिताने राखून ठेवलेला अर्धा तास.

तात्याबा उठले. विट्याच्या पेटीने सूर धरला. हळदीच्या रानात वारं शिरलं, बांधावर पाखरू उतरलं. आवाज थरथरत होता, पण तोच. मी पुन्हा चौदा वर्षांचा होऊन सतरंजीवर बसलो.

"म्हनलं, पाखरा, येतंस का घरी? तवा ते बोललं..."

सगळे पुढे वाकले. तात्याबांनी पुन्हा तीच ओळ घेतली. मग वरच्या सुरात घेतली. मग खालच्या. लोक वा वा म्हणाले. काय आळवतोय गडी! मग त्यांनी वाऱ्यापासून पुन्हा सुरुवात केली. सात अठरा. पाखरू दुसऱ्यांदा बांधावर उतरलं. "तवा ते बोललं." सात तेवीस. 'व्हय'वाले सुरात सूर मिसळायला लागले, 'न्हाई'वाले टाळ्यांनी ठेका धरायला लागले. पाखरू चौथ्यांदा उतरलं तेव्हा पेटीवाल्याने माझ्याकडे बघितलं. तात्याबांच्या कपाळावरून घामाची धार मिशीत उतरत होती, आणि त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळावर खिळली होती. ते घड्याळाकडे अशा आशेने बघत होते की मला काही कळेना. सात एकोणतीस. सात तीस. काहीच झालं नाही. बाजारभाव मी थांबवले होते.

तात्याबांनी माझ्याकडे बघितलं. बुडणाऱ्या माणसाची नजर मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. मी घाईघाईने खिशातली चिठ्ठी उघडली. शालूबाईंच्या गोल अक्षरात तीन ओळी होत्या. त्या दिवशीच्या पेपरातून उतरवून घेतलेल्या. हळद, राजापुरी. किमान, कमाल, आवक. पाखराबद्दल एक अक्षर नाही.

मी शालूबाईंकडे बघितलं. त्यांनी हळूच हात जोडले.

मला किती वेळात कळलं ते सांगता येत नाही, पण अर्जाचा रकाना, पेटी, अकरा फेटे, शेतकऱ्याचं नुकसान, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. सहा महिने मी एका माणसाला पळायच्या सगळ्या वाटा बंद करून गाठलं होतं, आणि वर त्याच्याकडून आभार घेतले होते. समोर चारशे माणसं होती. आता त्यांना कळणार होतं की सेहेचाळीस वर्षं जपलेली चीज मुळात नाहीच. मी उठलो, तात्याबांच्या मिशीपुढचा माइक ओढून घेतला आणि खात्यात कधीच न काढलेल्या आवाजात म्हणालो, "श्रोतेहो, क्षमस्व! वेळ संपली. आता बाजारभाव. राजापुरी हळद!"

मग जो गदारोळ झाला! आयुष्यभर एकमेकांशी भांडलेले 'व्हय'वाले आणि 'न्हाई'वाले एकत्र माझ्या अंगावर आले. अंकिताची आजी काठी घेऊन उठली. नानासोंनी प्रातिनिधिक श्रीफळ उचललं. ते फोडण्यासाठी नसावं, पण मी थांबून विचारलं नाही. या गोंधळात तात्याबा मात्र छाती काढून उभे राहिले, वीस वर्षांनी तरुण झाले. दोन्ही हात वर करून गरजले, "दुसऱ्यांदा! गड्यांनो, दुसऱ्यांदा कापलं मला! आदी सरकारनं, आता ह्या सांगलीकरानं!" लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. मी उरलेले दोन भाव वाचून मागच्या दाराने बाहेर पडलो. अंकिताने मला स्कूटीवर स्टँडपर्यंत सोडलं, पण वाटेत एक शब्द बोलली नाही. आजपर्यंत बोललेली नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. सोसायटीच्या ग्रुपवर वीरधवलांनी माझ्यावर निषेधाचा ठराव टाकला आणि त्याला एकशे चार अंगठे आले. आमच्या सोसायटीत माणसं अठ्ठ्याऐंशी आहेत. आष्ट्यात तात्याबांचा पुन्हा सत्कार झाला, या वेळी खरे अकरा फेटे. भाषणात त्यांनी माझा असा उद्धार केला की त्याची ध्वनिफीत म्हसवडपर्यंत गेली. क्षमाने ती ऐकली आणि म्हणाली, "माणूस बोलतो मात्र छान." मला लागलं. खोटं कशाला बोलू, फार लागलं. मी सहा महिने राबलो, प्रास्ताविकाचा बळी दिला, अब्रू दिली. निदान तात्याबांनी तरी 'तो सांगलीकर' म्हणताना आवाज थोडा खाली घ्यायला हरकत नव्हती.

आठ दिवसांनी दुपारी दारावरची बेल वाजली. शालूबाई होत्या, एकट्या, हातात पिशवी. पिशवीत ताजी दळलेली हळद आणि भाजलेल्या शेंगा. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "त्यास्नी यायचं हुतं. पन तुमच्या घरी आल्यालं कुनी बगितलं तर काय सांगायचं? म्हनून मला धाडलं. म्हनले, सायबाला सांग, शिव्या मनापासनं न्हवत्या. लोकांसाठी हुत्या."

"काकी, दुसरा अंतरा नव्हताच का?"

"मास्तरांनी तेवढंच लिवलं हुतं," त्या म्हणाल्या. "म्हनले, तुमी गायला लागा, फुडचं मी यष्टीनं घिऊन येतो. यष्टी पंक्चर झाली, आन फुडचं मास्तरांनी कदी लिवलंच न्हाई. हे तितं हुबं ऱ्हाऊन निस्तं घड्याळाकडं बगत हुते. भाव आले तवा ह्यास्नी देव आल्यागत वाटलं. भाईर येऊन खरं सांगनार, तर गावानं खांद्यावरच घेतलं. खांद्यावर बसून कसं सांगायचं वो?"

हा प्रश्न मला अगदी पटला. खाली उतरवेपर्यंत थांबावं, तर उतरवल्यावर उशीर झालेला असतो.

क्षमाने विचारलं, "मग तुम्हाला कधी कळलं?"

शालूबाई पदर तोंडाशी नेऊन हसल्या. चौसष्ट वर्षांच्या त्या बाई एकदम अठरा वर्षांच्या दिसल्या. "मला स्थळं काय कमी हुती व्हय? रेडिओवर ऐकल्यापासनं झोप न्हवती, पाखरू काय बोललं म्हनून. ते कळंल म्हनूनच ह्यास्नी पसंत केलं. लगीन लागलं, घरात आले, पयल्यांदा काय बोलले असंन तर हेच इचारलं. ह्यांनी खाली मान घालून खरं सांगितलं सगळं. म्हनले, फुडचं मला ठावं न्हाई. आता तूच सांग, पाखरू काय बोललं."

"मग?"

"मग काय?" शालूबाई उठल्या, रिकामी पिशवी घडी करून कमरेला खोचली. "मी म्हनलं, 'येतंस का घरी' म्हनून काय इचारतासा? आल्यालं दिसत न्हाई व्हय?"

क्षमाने त्यांना हळदीकुंकू लावलं. मी जिन्यापर्यंत सोडायला गेलो. खाली उतरता उतरता त्या मागे वळून म्हणाल्या, "कुनाला बोलू नगासा हं." मी शब्द दिला.

परवा आष्ट्याला काम निघालं. स्टँडवर उतरलो तर पलीकडे चहाच्या टपरीवर तात्याबा पाचपन्नास माणसांत बसलेले. मला बघताच उठून उभे राहिले, मिशीवर हात फिरवला आणि अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडले, "आला बगा, राजापुरी!" सगळा स्टँड हसला. मी मान खाली घातली, हात जोडले आणि एक शब्द न बोलता चालू लागलो.